मराठी जेवणासोबत कोणती वाइन जाते? हजाराच्या आसपास काही बरं मिळतं का?

मिळतं की. फक्त 'मटणाला रेड, माशाला व्हाइट' हा नियम आपल्या ताटाला लावायला जाऊ नका. मी लावला आणि फसले.

मी नाशिकची. पाहुणे येणार म्हणून एकदा चांगली महागातली शिराझ, म्हणजे एक रेड वाइन, आणली आणि सोबत काळ्या मसाल्याचं मटण केलं. पहिला घोट मस्त लागला. रश्शाचा घास पोटात गेल्यावर मात्र तीच वाइन कडवट झाली, वर जीभ पेटली ती वेगळीच. दिरांनी ग्लास बाजूला सारून ताक मागितलं. वाइन वाईट नव्हती, जोडी चुकली होती. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं, म्हणजे कच्च्या केळ्यासारखा तोंड आवळणारा तुरटपणा. तिखटासोबत तो जास्त बोचतो. त्यात 13-14 टक्के अल्कोहोल, म्हणजे मिरचीच्या आगीत तेलच.

तिखटाला हवं थंड आणि किंचित गोडसर. म्हणून माझं पहिलं नाव शेनिन ब्लाँ, ही व्हाइट वाइन. आमच्या नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने 2000 साली आपल्या पहिल्या वाइन काढल्या त्यातली ही एक, आणि किंमत आजही आवाक्यातली. कोथिंबीर वडी, बटाटेवडा, कुरकुरीत बोंबील, काहीही चालतं. तळणीचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने धुऊन निघतो. तव्यावरच्या सुरमईवर लिंबू पिळणार असाल तर सोव्हिन्याँ ब्लाँ ही दुसरी व्हाइट बघा. तिला पेरूचा आणि ओल्या गवताचा वास येतो, गोडवा जवळपास नसतोच. रेडच हवी असेल तर कमी जड घ्या. अकलूजच्या फ्रातेली या कंपनीची सांजोवेसे ही रेड मला भरल्या वांग्यासोबत आवडते, पण वांगी गोड्या मसाल्याची, झणझणीत नव्हेत.

नुसतं माझ्या शब्दावर जाऊ नका, घरी करून बघा. एका बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, थोडा ठेचा आणि गुळाचा खडा घ्या. एक घोट वाइन, मग यातलं एक काहीतरी, मग पुन्हा घोट. लिंबू-मिठानंतर वाइन मऊ लागते, गुळानंतर आंबट, ठेच्यानंतर जळजळीत. दहा मिनिटांत जे कळतं ते बाटलीवरच्या लेबलवरून कळत नाही. (लेबलवर हमखास 'चॉकलेट, तंबाखू, चेरी' असतं. मला आजवर तंबाखू सापडलेला नाही.)

फिरकीच्या झाकणाची बाटली म्हणजे हलक्या दर्जाची वाइन, असं दुकानात कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आणि रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यायची हे थंड देशातल्या खोल्यांचं गणित आहे. एप्रिलमधल्या नाशकात खोलीचं तापमान 35 असतं! रेड अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, व्हाइट दोन-तीन तास. 750 मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. दोघांत एका बैठकीत संपवायची घाई नको, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीनेक दिवस राहते.

पुरणपोळीच्या दिवशी मात्र बाटली उघडूच नका. गोडापुढे साधी वाइन चिंचेच्या पाण्यासारखी लागते. त्या दिवशी दूध-तूपच बरं.