न्यूझीलंडने १९८४ मध्ये शेतीची अनुदानं बंद केली, तरी तिथला शेतकरी तगला. मग भारतात तसं का करू नये?

मी निफाड तालुक्यातला. घरी कांदा आणि थोडी द्राक्षबाग. २०१३ ते २०१७ अशी चार वर्षं न्यूझीलंडमधल्या वायकाटो भागात एका डेअरी फार्मवर कामाला होतो. पहाटे चारला उठून साडेचारशे गायी दुहायच्या, हे काम. त्यामुळे न्यूझीलंडच्या अनुदानांचा विषय निघाला की मी सुटतो. घरचे कंटाळलेत, आता तुम्ही ऐका.

आधी तिथे बंद काय झालं ते बघा. १९७८ पासून तिथे मेंढ्यांचं मांस आणि लोकरीला किमान भावाची हमी होती. बाजारभाव त्याखाली गेला की फरक सरकार भरायचं. आपल्याकडे भावांतर म्हणतात, जवळपास तेच. शिवाय खतावर सवलत, डोंगर साफ करून कुरण करायला स्वस्त कर्ज, जनावरं वाढवायला वेगळं प्रोत्साहन. याचं मूळ १९७३ मध्ये आहे. त्या वर्षी ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात गेला आणि न्यूझीलंडचं हक्काचं गिऱ्हाईक तुटलं. गिऱ्हाईक गेलं तरी माल वाढवत राहायचे पैसे मात्र सरकार देत होतं. १९८२ मध्ये बत्तीस लाख माणसांच्या देशात सात कोटी मेंढ्या होत्या. जिथे बकरीही जपून पाय टाकेल अशा उतारावर मेंढ्या चारल्या जात होत्या. विकलं न गेलेलं मांस शेवटी खत करायला जायचं. मेंढपाळाच्या उत्पन्नात शंभरातले चाळीसेक रुपये सरकारचे होते.

जुलै १९८४ मध्ये सरकार बदललं. डेव्हिड लाँगी पंतप्रधान, रॉजर डग्लस अर्थमंत्री. परकीय चलनाचा खडखडाट. आल्या आल्या त्यांनी न्यूझीलंडच्या डॉलरची किंमत २० टक्क्यांनी उतरवली आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अनुदानं मोडीत काढायला घेतली. पुढची दोन-तीन वर्षं शेतकऱ्यासाठी फार वाईट गेली. मार्च १९८५ मध्ये डॉलर बाजारावर सोडला, तो पुन्हा वधारला आणि निर्यातीतले पैसे कमी झाले. व्याज २० टक्क्यांच्या घरात. जमिनीचे भाव कोसळले, म्हणजे जी जमीन तारण ठेवून कर्ज घेतलं होतं तिची किंमत कर्जापेक्षा कमी. १९८६ मध्ये हजारो शेतकरी वेलिंग्टनला संसदेवर चालून गेले.

अंदाज होता की आठ हजार शेतं बुडतील. प्रत्यक्षात आठशेच्या आसपास लोकांना जमीन सोडावी लागली. हे दोन आकडे तुम्ही ऐकलेच असतील. मुक्त बाजाराच्या प्रत्येक भाषणात येतात. त्यांच्या शेजारची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तिथल्या सरकारी ग्रामीण बँकेनं अडलेल्या शेतकऱ्यांच्या कर्जाचा काही भाग सरळ कापून टाकला. आपण त्याला कर्जमाफी म्हणतो आणि नाक मुरडतो. ज्यांनी जमीन सोडली त्यांना बेकारभत्ता होता, सरकारी दवाखाना होता, म्हातारपणी प्रत्येकाला मिळणारं पेन्शन होतं. बांध सोडणं म्हणजे उपाशी मरणं नव्हतं.

माझा मालक तेव्हा पंचविशीत होता, मेंढ्यावाल्याचा पोरगा. तो सांगायचा की त्या वर्षांत घर बायकोच्या शाळेच्या पगारावर चाललं, तो स्वतः दुसऱ्यांच्या मेंढ्या भादरायला जायचा आणि कुरणाला सलग दोन वर्षं खताचा दाणा पडला नाही. पुढे मेंढ्या विकून तो गायींकडे वळला. देशभर हेच झालं. आज तिथे मेंढ्या अडीच कोटींच्याही खाली आहेत आणि दुभत्या गायी तेव्हाच्या दुपटीच्या आसपास. (नद्यांमध्ये नायट्रेटही त्याबरोबर वाढलं. अनुदान गेलं की निसर्ग आपोआप वाचतो, असं कुणी सांगितलं तर वायकाटो नदीचं नाव सांगा.)

आणि शेतकरी तगला म्हणजे गाव तगलं, असंही समजू नका. ५ फेब्रुवारी १९८८ या एका दिवशी तिथे ४३२ पोस्ट ऑफिसं बंद झाली. त्यातली बहुतेक लहान वस्त्यांची. पोस्ट गेलं की पैसे काढायला मोठ्या गावी जायचं, मग किराणाही तिथूनच आणायचा, मग इथलं दुकान बसतं. आमच्या फार्मपासून आठ किलोमीटरवर जुन्या पोस्टाची देखणी इमारत होती. आत जुन्या वस्तूंचं दुकान, तेही शनिवार-रविवारपुरतं.

आता 'भारतात का करू नये' याकडे येतो. तुमच्या प्रश्नात धरलंय की इथला शेतकरी सरकारचं खातो. खातो की. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते, २०२२-२३ मध्ये केंद्राचा खतावरचा खर्च अडीच लाख कोटींवर गेला, केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार खात्यात येतात. पण दुसरा हात काय करतो ते कांद्यावाल्याला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबरला थेट बंदी. लोकसभेची निवडणूक चालू असताना, ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभावाची अट आणि शुल्क तसंच. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्येही बंदी होतीच. बंदीची बातमी आली की दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पडतात आणि सुरू होतात ते खालच्या भावानं. कांदा साठवायच्या चाळीत दीडशे क्विंटल माल पडलेल्या माणसाच्या खिशातून त्या दिवशी जे जातं, त्यात वर्षभराचे बारा हजार कुठल्या कुठे विरघळतात.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी हेच 'उणे सबसिडी' म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा अनुदान मागणारी नव्हती, सरकारनं भाव पाडू नये म्हणून होती. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचं मोजमापही आज तेच दाखवतं: न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला मिळणारा आधार त्याच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याहून कमी आणि भारताचा आकडा सगळी खतं-वीज धरूनही शून्याच्या खाली. न्यूझीलंडनं देणारा हात मागे घेतला हे खरं, पण भाव पाडणारा हात तिथे नव्हताच. तिथे कुठलंही सरकार दुधाची निर्यात बंद करायचं स्वप्नातही आणणार नाही. ९५ टक्के दूध देशाबाहेर जातं, बंदी घातली तर देशच बंद पडेल. आपल्याकडे खाणारा मतदार शेजारीच बसलाय. सगळा फरक इथून सुरू होतो. जमिनीचा आकार त्यानंतर येतो. तोही येतोच म्हणा: महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर, तिथे शेकड्यांत.

युरोपचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून थोडक्यात. न्यूझीलंड अनुदानं मोडत होतं त्याच १९८४ मध्ये युरोपनं लोण्याचे डोंगर आवरायला दुधाचा कोटा लावला आणि तो २०१५ पर्यंत चालवला. अजूनही त्यांच्या सामायिक अंदाजपत्रकातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीला जातो आणि थेट मदतीतले शंभरातले ऐंशी वरच्या वीस टक्के शेतकऱ्यांकडे. ते मॉडेल आपल्याला परवडणारं नाही, आणि परवडलं तरी नको.

न्यूझीलंडमधून खरंच काही उचलायचं तर मी वेगळीच गोष्ट उचलेन. ती कुठल्या भाषणात येत नाही. तिथे शेअरमिल्किंग नावाची पद्धत आहे. जमीन आणि गोठा मालकाचा, गायी आणि कष्ट दुसऱ्याचे, दुधाचा पैसा निम्मा-निम्मा. म्हणजे आपली अर्धेली. फरक इतकाच की मालकाच्याच गायींवर राबणाऱ्या भागीदारासाठी तिथे १९३७ पासून कायदा आहे, आणि निम्म्या भागीतही लेखी करार होतो, बँक त्या करारावर कर्ज देते. बिनजमिनीचं पोरगं आधी नोकर म्हणून लागतं, चार कालवडी घेतं, मग कळप करतं, मग भागीत येतं आणि पन्नाशीपर्यंत कधी कधी स्वतःची जमीन घेतं. दरवर्षी १ जूनला करार बदलतात. त्या दिवशी रस्त्यावर गायींचे ट्रकच ट्रक, वर कुत्री, गाद्या, पोरांच्या सायकली. तिथे त्याला जिप्सी डे म्हणायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ऊसतोड कामगारांच्या गाड्या आठवल्या, आणि मग लक्षात आलं की या गाड्यांवरची माणसं पुढच्या फार्मवर कळपाचे मालक म्हणून उतरणार आहेत.

आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्यानं आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं कसणाऱ्याला जमीन दिली. त्या काळी ते हवंच होतं. पण तेव्हापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली ती गेलेली नाही: कागद केला की कूळ लागलं आणि जमीन गेली. म्हणून सगळा व्यवहार तोंडी. वाटेकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून सोसायटी कर्ज देत नाही. गारपिटीची भरपाई आली तर मालकाच्या खात्यात. सन्मान निधीही त्याच्याच. प्रत्यक्ष राबणारा माणूस सरकारच्या लेखी शेतकरीच नाही. अनुदान ठेवा नाहीतर काढा, याला दोन्हीचा पत्ता नाही.

मी तिथे असतानाच दूध पडलं. २०१३-१४ च्या मोसमात फॉन्टेरा या सहकारी संघानं दुधातल्या घनपदार्थांच्या किलोला ८.४० डॉलर दिले होते, २०१५-१६ मध्ये ३.९०. खर्च निघायला पाचच्या वर लागत होते. सरकारनं भाव भरून दिला नाही. संघानं सभासदांना बिनव्याजी उचल दिली, बँकांनी हप्ते पुढे ढकलले, मालकानं तीसेक गायी खाटकाला काढल्या आणि माझ्याबरोबरचा एक फिलिपिनो पोरगा कामावरून कमी केला. बाहेरून लवचीक अर्थव्यवस्था म्हणतात ती आतून अशी दिसते. तरी पुढच्या वर्षी भाव वर आला तेव्हा तो कुणी खाली ओढला नाही, सगळा मालकाच्या पदरात पडला. खालची झळ सोसायची तर वरचा भाव मिळाला पाहिजे, एवढा साधा सौदा आहे तो. आपल्याला त्यातलं फक्त पहिलं अर्धं देऊ करतात.

म्हणून माझं उत्तर: करा, पण क्रम उलटा लावा. आधी निर्यातबंदी एका अधिसूचनेनं रातोरात घालायचा सरकारचा अधिकार काढा. शहरात कांदा महागला तर गरिबाच्या खात्यात पैसे टाका, आमच्या खिशातून नको. मग भागीच्या कराराला कायद्याचं संरक्षण, मालकालाही आणि वाटेकऱ्यालाही. हे होऊन पाच वर्षं गेली की युरियाच्या गोणीला हात लावा. मी स्वतः विरोध करणार नाही, जमिनीची त्यानं वाट लावलीच आहे. आणि संशोधन, रोगराईवरचा पहारा यावरचा सरकारी खर्च बंद करू नका, न्यूझीलंडनंही केलेला नाही. ऑकलंड विमानतळावर माझ्या बुटांची माती त्यांनी ब्रशनं काढून धुतली होती आणि बॅगेत लोणच्याची बरणी न सांगता असती तर ४०० डॉलर दंड झाला असता.

कुणी विचारण्याआधी सांगतो: आमची दोन एकर गावातलाच एक जण अर्धेलीनं करतो. अकरा वर्षं झाली. परत आल्यावर मी वडिलांना म्हणालो की त्याच्याशी रीतसर कागद करू. ते काही बोलले नाहीत, उठून कांद्याची चाळ बघायला गेले.