प्राचीन इजिप्तमध्ये राजाचा वास्तुविशारद कसं होता यायचं?

परीक्षा वगैरे नव्हती. हाताखाली राबत शिकायचं, आणि घरातलंच कुणी त्या कामात असेल तर उत्तम. गिझाच्या नेखेबूचं उदाहरण घ्या. काळ सहाव्या राजवंशाचा, इ.स.पू. २३०० च्या आसपास. राजा पेपी पहिला. या गृहस्थानं आपली कारकीर्द थडग्यातच कोरून ठेवलीय.

भाऊ बांधकामखात्यात. सुरुवातीला नेखेबू त्याचं लिखाण करायचा, लेखनपाटी वाहायचा. भाऊ निरीक्षक झाला, तशी याच्या हाती त्याची मोजकाठी आली. पुढं भावाच्या जहागिरीचा कारभार त्यानं २० वर्षं पाहिला. तिथं कुणालाही खाली पडेपर्यंत मारलं नाही, हे तो आवर्जून सांगतो. (बाकीचे मुकादम काय करत असतील, ते समजून घ्या!)

राजानं हेरलं तेव्हा हा साधा गवंडीच होता. तिथून निरीक्षक, मग प्रमुख असं एकेक पायरी चढत तो राजाचा वास्तुविशारद झाला. इमारतींबरोबर कालवे खोदायचं कामही त्याच्याकडेच. काम फत्ते झालं की राजाकडून सोनं, भाकरी आणि भरपूर बिअर!