आधी मस्टर, मग मनुष्यबळ
वाचकांचे प्रश्न : एचआरमधली (मनुष्यबळ विभागातली) सुरुवात

प्रश्न : मी चिपळूणची. यंदा बी.कॉम. झाले. एचआरमध्ये जायचं आहे. घरचे म्हणतात, आधी दोन वर्षं एमबीए कर, मगच नोकरी बघ. मैत्रीण म्हणते, तुला माणसांशी बोलायला आवडतं ना, मग एवढं पुरे. काय करू?

उत्तर : माणसांशी बोलायला आवडतं हे चांगलंच. पण लोट्याच्या किंवा महाडच्या कारखान्यात पहिल्या दिवशी तुमच्यासमोर माणूस येत नाही, मस्टर, म्हणजे हजेरीपट, येतं. कोण आलं, कुणाची पाळी बदलली, कुणी पंच करायचं विसरलं, कुणाचा ओव्हरटाइम सुपरवायझरने तोंडी कबूल केला आणि लिहिला मात्र नाही. पगार 7 तारखेच्या आत, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) 15 तारखेच्या आत. हे ज्याला बिनचूक जमतं त्याच्याकडेच पुढे भरती, प्रशिक्षण, वाटाघाटी ही कामं सरकतात. म्हणून आमचं मत : आधी एखाद्या टाइम ऑफिसात (कारखान्याच्या हजेरी कार्यालयात) नाहीतर पगाराचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडे वर्षभर काढा, शिक्षण त्याच्या जोडीला घ्या. मस्टर न पाहता एमबीए झालेल्याला मुलाखतीत पहिलाच प्रश्न अडवतो : ‘बावीस हजार पगाराच्या माणसाला ईएसआय लागेल का?’ (नव्याने लागलेल्याला नाही, मर्यादा 21,000 आहे. पण एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीच्या मध्येच पगारवाढीने मर्यादा ओलांडली, तर सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते.)

मुलाखतीला जाण्याआधी एक पगारपत्रक स्वतः कागदावर करून बघा. समजा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता (महागाई भत्ता) मिळून 14,000, दुसरा कोणताही भत्ता नाही. महिन्यात कामाचे दिवस 26, कामगार दोन दिवस बिनपगारी. 14,000 भागिले 26 गुणिले 24, म्हणजे 12,923. त्यावर 12 टक्के पीएफ 1,551. ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 96 रुपये 92 पैसे. ते वरच्या पूर्ण रुपयाला न्यायचे, 97. व्यवसाय कर 200. हातात 11,075. मालकाच्या बाजूने पीएफचे पुन्हा 1,551; त्यातले पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे 1,076, पेन्शनला आणि उरलेले 475 पीएफ खात्यात. शिवाय ईएसआयचे 3.25 टक्के, म्हणजे 420.

आता चुका कुठे होतात ते बघा. कामगार बाई असेल तर महाराष्ट्रात 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. सॉफ्टवेअरमध्ये लिंग चुकीचं भरलं गेलं की दर महिन्याला तिचे दोनशे रुपये जातात, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीत हा कर 200 ऐवजी 300 असतो, तो विसरला जातो. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीची वर्गणी असते, तीही विसरली जाते. आणि भागायचं 26 ने की 30 ने, हे कारखान्याने एकदा ठरवून लेखी ठेवलेलं नसेल तर पगाराच्या दिवशी खिडकीपाशी तुमच्याशी वाद घालायला माणसं उभी राहतील.

शिक्षणाचं म्हणाल तर कामगार कायद्याची पदविका नोकरी सांभाळून होते. दोन वर्षं पूर्णवेळ देता येत असतील तर मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, तिथली एमएलएस (मास्टर ऑफ लेबर स्टडीज) ही पदवी कारखान्यांत ओळखली जाते. (1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे ते हेच लोखंडे. एचआरवाल्याला हे नाव ठाऊक असावं.) एक्सेलमध्ये व्हीलुकअप, समइफ्स आणि पिव्होट एवढं हात बसेपर्यंत करा. इंग्रजी ई-मेल लिहिण्यापुरतं लागतं. कामगाराला त्याची कपात मराठीत समजावता येणं आणि जमलं तर हिंदीतही, याला जास्त किंमत आहे.

प्रश्न : लोटे एमआयडीसीत ठेकेदारामार्फत टाइम ऑफिसला तीन वर्षं आहे. गेटपास, हजेरी, एवढंच. पुढे कसा जाऊ? – खेड

उत्तर : तुम्ही ज्या खुर्चीत बसला आहात तिथूनच सगळ्यांत उपयोगी कौशल्य शिकता येतं : ठेकेदाराची कागदपत्रं तपासणं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, म्हणून कंपनीला हे काम येणारा माणूस हवाच असतो.

बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे ठेकेदाराने पीएफ भरल्याच्या चलनाची झेरॉक्स फायलीला लावणं. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. ठेकेदाराची माणसं तीन कंपन्यांत असतील तर तेच चलन तिन्हीकडे दाखवता येतं. म्हणून चलनासोबत ईसीआरची (पीएफच्या महिन्याच्या विवरणपत्राची) नावनिहाय यादी मागा, तिच्यातले यूएएन, म्हणजे प्रत्येकाचे कायमचे पीएफ क्रमांक, तुमच्या गेटच्या हजेरीशी जुळवा, आणि मग पगाराचे बँकेतले व्यवहार त्याच नावांशी जुळवा. गेटवर 42 माणसं आणि यादीत 35, तर ती सात कोण, हे महिना संपायच्या आत विचारा. वर्षाने विचारलं तर ती माणसं ओडिशाला परत गेलेली असतात.

दुसरं म्हणजे यूएएनची दुरुस्ती. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पॅनवर नुसती आद्याक्षरं, शाळेच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, असं सर्रास असतं. माणूस कामावर येतानाच नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे जुळवून घ्या, आधीचा यूएएन आहे का ते विचारा, आणि सोडून जाताना सोडल्याची तारीख भरा. ही तारीख न भरल्यामुळे पैसे अडकलेली माणसं प्रत्येक वाडीत सापडतील.

बढतीसाठी नजर कल्याण अधिकाऱ्याच्या पदावर ठेवा. कारखाने अधिनियमात 500 कामगारांच्या कारखान्याला हे पद सक्तीचं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात ही संख्या 250 वर आली आहे. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांनाही अशी माणसं लागणार. पदासाठीची पात्रता राज्याच्या नियमांत असते, ती वाचूनच अभ्यासक्रम निवडा. कुठल्याही एचआर पदविकेवर हे पद मिळत नाही.

प्रश्न : पुण्यात चार वर्षं एचआरमध्ये होते. आता कुडाळला परतले आहे. मालवण-वेंगुर्ल्याची हॉटेलं आणि काजू कारखाने यांच्यासाठी एचआर सल्लागार म्हणून काम सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : पुण्यातला ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट’ (कर्मचाऱ्यांचं कामात मन गुंतवणं) हा शब्द सावंतवाडीच्या पुढे आणू नका. इथल्या मालकाला एकच प्रश्न असतो : मला काय काय लागू होतं आणि ते कुणी करून देईल का? पहिल्या भेटीला एक कोरा कागद न्या आणि माणसं मोजा. मोजताना ठेक्यावरची, हंगामापुरती, स्वयंपाकघरातली, सगळी धरा. दहा झाली की ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती. वीस झाली की पीएफ आणि बोनस. मालक म्हणेल, ‘माझी अठराच आहेत.’ बंधूंच्या नावावरचा शेजारचा बीच रिसॉर्ट, तिथली सहा माणसं, आणि दोन्हीकडे एकच मॅनेजर, एकच बँक खातं, हे पीएफ खात्याला एकच आस्थापना म्हणून दिसू शकतं. आणि एकदा लागू झालं की नंतर माणसं घटली म्हणून सुटका होत नाही.

काजू कारखान्यात खरी मेख मजुरीत आहे. सोलणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी मिळते, आणि मालकाला वाटतं, किलोवर दिलं म्हणजे किमान वेतनाचा प्रश्न मिटला. तो मिटत नाही. पूर्ण दिवस काम केलेल्या बाईची किलोवरची कमाई त्या दिवसाच्या किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. म्हणून रजिस्टरला तीन रकाने हवेत : आल्या-गेल्याची वेळ, सोललेले किलो, आणि त्या दिवसाचं किमान वेतन. बहुतेक ठिकाणी फक्त मधला असतो. माल दमट निघाला, तुकडा जास्त झाला की किलो घटतात, आणि अशाच दिवशी मजुरी खाली जाते. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि परिमंडळानुसार (कारखाना कोणत्या भागात आहे त्यानुसार) वेगळं असतं. त्यातला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. या दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. बांद्याच्या पलीकडे गोव्यात गिऱ्हाईक मिळालं तर तिथले दर गोव्याचे, हे विसरू नका.

हॉटेलमालकांना नव्या संहितांतल्या तीन गोष्टी आधी सांगा. प्रत्येकाला नेमणूकपत्र. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी. आणि काम सोडलेल्याचा किंवा काढलेल्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. तिसरी गोष्ट सगळ्यांना जड जाते. दिवाळीच्या गर्दीत आचारी निघून गेला की त्याचे पैसे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून ठेवायची रीत आहे. ती मोडायची तर गणवेश, खोलीची किल्ली, उचल यांची नोंद रोजच्या रोज हवी, म्हणजे दोन दिवसांत हिशेब निघतो. आंब्याचं कॅनिंग करणारं हंगामी गिऱ्हाईक आलं तर तिथे ग्रॅच्युइटी प्रत्येक हंगामाला सात दिवसांच्या मजुरीने धरतात.

आता तुमचा स्वतःचा करार. यात ढिलाई केली तर वर्षभरात काम बंद पडेल. हजेरी तुमच्याकडे किती तारखेला येणार ते लिहा, 2 तारीख ठीक. उशिरा आल्यामुळे भरणा उशिरा झाला तर पीएफवर वार्षिक 12 टक्के व्याज आणि वर दंड. तो कुणाचा, हेही लिहा. भरण्याचे पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. चलन तुम्ही काढायचं, पैसे मालकाने त्याच्या खात्यातून भरायचे. डिजिटल सही मालकाच्या कपाटात राहू दे. मालक टाळाटाळ करायला लागला तर त्याच्या सीएला मध्ये घ्या : कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ वेळेत न भरल्याचा आयकरातल्या वजावटीवर काय परिणाम होतो, हे त्यालाच मालकाला समजावू दे. कायद्याच्या धाकापेक्षा हे लवकर पटतं.

पगाराच्या कामाची फी माणशी महिन्याला ठरवा आणि खाली एक किमान रक्कम ठेवा, नाहीतर सात माणसांच्या खानावळीला सत्तर माणसांच्या हॉटेलाइतकाच वेळ जातो. भरतीची फी साधारण वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, आणि 90 दिवसांत माणूस गेला तर बदली माणूस, अशी प्रथा आहे. ही फी मालकाकडूनच. उमेदवाराकडून रुपयाही नको. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, दर 18 टक्के. सुरक्षारक्षक पुरवायची मागणी येईल. त्याला 2005 च्या कायद्याखालचा वेगळा परवाना लागतो, तो नसेल तर नाही म्हणा.

आणखी एक. ज्या हॉटेलचा पगार तुम्ही करता, तिथल्या अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून स्वतः बसू नका. मालकाकडून दर महिन्याला फी घेणाऱ्या बाईसमोर तक्रार मांडायला कोण येईल?

प्रश्न : मित्र म्हणतो, एचआर कन्सल्टन्सीच्या नावाने मुलांना आखातात आणि जहाजावर पाठवू. चालेल का? – दापोली

उत्तर : नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करायला 1983 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून 30,000 रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. जहाजावरच्या भरतीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तिथे खलाशाकडून भरतीचे पैसे घेणंच मना आहे. दुकानाच्या नोंदणीवर ‘एचआर’ लिहिलं म्हणून यातलं काहीच सुटत नाही. मित्राचा बेत असाच असेल तर त्याच्या कागदावर सही करू नका.

प्रश्न : रत्नागिरीतल्या एका कारखान्यात एचआर म्हणून नवीनच लागलो आहे. गणपतीत निम्मा कारखाना रिकामा होतो असं ऐकलं. रजा नाकाराव्यात का?

उत्तर : नाकारून माणूस थांबत नाही, फक्त रजा बिनपगारी होते आणि पुढचे दोन महिने तोंड वाकडं राहतं. जूनमध्येच प्रत्येकाकडून लिहून घ्या : घरचा गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरीबरोबर जाणारा की अनंत चतुर्दशीपर्यंतचा? हे चार रकाने मांडले की दिसतं, सगळ्यांना सारख्याच दिवसांची रजा लागत नाही. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवशी परत येऊ शकतात. ज्यांच्याकडे गणपती नाही त्यांना त्या आठवड्यात ठेवून नंतर बदली सुट्टी आणि नियमाप्रमाणे दुप्पट दराने ओव्हरटाइम द्या. बॉयलर, एफ्लुएंट प्लांट (सांडपाणी शुद्धीकरण), वीज या जागांची नावं पाळीनिहाय जुलैतच टाका आणि प्रत्येकामागे एक बदली नाव. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गर्दीत एसटीला आणि महामार्गाला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांची सकाळची पाळी जवळच्या गावातल्या माणसांना द्या, साखरप्याकडच्या किंवा राजापूरच्या नको. आणि पगार सणाच्या आधी काढता येतो का, हे अकाउंट्सला ऑगस्टच्या सुरुवातीला विचारून ठेवा. शिमग्यालाही हाच तक्ता लागेल. फक्त पालखी कुठल्या गावात कोणत्या दिवशी, हा रकाना वाढवा.