पाटल्या मोडण्याआधी हुकूमनामा वाचा

प्रश्न : काका, मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, वय 34. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज थकलं, कारण मधली चार वर्षं धड नोकरीच नव्हती. बँकेनं दावा लावला. समन्स आलं तेव्हा भीतीनं आम्ही कोर्टात गेलोच नाही आणि माझ्यावर व वडिलांवर (ते सहकर्जदार) 5 लाख 12 हजारांचा हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश) झाला. त्याला आता तीन वर्षं झाली. गेले 14 महिने 31 हजारांच्या पगारातून 10 हजार ‘कोर्ट रिकव्हरी’ म्हणून कापतात. बँकेच्या पत्रात मात्र बाकी 7 लाख 90 हजार! वसुलीचा माणूस म्हणतो, 2 लाख 75 हजार रोख द्या, विषय मिटवतो. आई पाटल्या मोडायला निघालीय. पगार असा किती वर्षं कापणार? काय करू? हुकूमनाम्याचे फोटो पाठवतेय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पाटल्या तूर्त कपाटातच राहू द्या. फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मी नऊ वर्षं एका बँकेच्या वसुली खात्यात काढली. हुकूमनामा स्वतः वाचलेला कर्जदार मला क्वचितच भेटला.

तुमच्या दुसऱ्या पानावर शेवटून तिसरी ओळ बघा : ‘3,60,000 रुपयांवर हुकूमनाम्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. 6 टक्के’. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 34 असं आहे की, कर्ज धंद्या-व्यापारासाठी घेतलेलं नसेल तर हुकूमनाम्यानंतरचं व्याज मुद्दलावर 6 टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणजे वर्षाला 21,600, तीन वर्षांचे 64,800. हुकूमनाम्याचे 5,12,000 धरून 5,76,800. त्यातून कापलेले 1,40,000 वजा करा. उरले 4,36,800, वर दाव्याचा खर्च. पत्रातले 7 लाख 90 हजार हे बहुधा कर्जखात्यावर जुन्या दरानं चढत गेलेलं व्याज आहे. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात चालणाऱ्या कामात, चालतो तो हुकूमनाम्याचा आकडा. शाखेला लेखी विचारा : हुकूमनाम्याप्रमाणे बाकी किती, आणि माझे 14 हप्ते कुठे जमा दाखवलेत?

कापणी मात्र बरोबर आहे. त्याच संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगाराचे पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. तुमच्या 31 हजारांतून 10 हजारच निघतात. हा हिशोब हातात येणाऱ्या रकमेवर नाही, एकूण पगारावर होतो, म्हणून तो जास्त टोचतो. पीएफला या जप्तीचा हात लागत नाही. घाबरून तो काढू नका.

‘किती वर्षं’ याचं उत्तर त्याच कलमात आहे. एकाच हुकूमनाम्यासाठी पगार एकूण 24 महिने जप्त झाला की त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा सुटतो. तुमचे 10 महिने उरले. कर्ज मात्र त्यानं फिटत नाही. हुकूमनामा 12 वर्षं जिवंत असतो आणि वडिलांच्या नावावर घर किंवा जागा असेल तर बँक तिकडे वळू शकते. पण तडजोडीला बसताना हे मनात असू द्या : तुमच्या पगारातून बँकेला आता फार तर आणखी एक लाख मिळणार आहेत. समोरच्या मॅनेजरलाही ते ठाऊक असतं.

त्यामुळे 2 लाख 75 हजार हा आकडा वाईट नाही. वाईट आहे ते ‘रोख’. कुपवाडच्या एका कामगारानं असेच पैसे एजंटाच्या हातावर ठेवले होते. पावती म्हणून मिळालेली चिठ्ठी त्यानं देव्हाऱ्यात अंबाबाईच्या फोटोमागे जपून ठेवली. पगार पुढेही कापला जात राहिला, तेव्हा तो ती चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्यावर ना खाते क्रमांक, ना शिक्का. मी काय करणार? कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदले गेले नाहीत, तर दरखास्तीच्या दृष्टीनं ते दिलेलेच नसतात.

म्हणून आधी बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं मंजुरीपत्र घ्या : रक्कम, मुदत, दोघांचीही जबाबदारी संपते हे वाक्य. पैसे चेकनं किंवा आरटीजीएसनं थेट कर्जखात्यात भरा. मग बँकेकडून कोर्टात पुरसिस (पैसे मिळाल्याचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या. बँक टाळाटाळ करू लागली तर पैसे भरल्यापासून 30 दिवसांत तुम्ही स्वतः अर्ज द्या. हे सगळं लोकअदालतीत ठेवायला सांगितलंत तर आणखी चांगलं. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर सांगलीला विजयनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. समन्सला घाबरलात, इथे घाबरू नका.

राहिल्या पाटल्या. मोडण्याऐवजी गहाण टाकू म्हणाल, तर 6 टक्क्यांचं सरळव्याजी देणं चुकवायला सोनं गहाण टाकून त्याहून महाग कर्ज काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. मंजुरीपत्र हातात आलं आणि दीड लाखाच्या वर सूट खरोखर मिळत असेल, तरच आईंना विचारा. अशी सूट घेतली की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्ज मागताना तो आडवा येतो, हेही धरून चाला.

एक बारीक गोष्ट. पैसे भरले म्हणून पगार आपोआप सुटत नाही, जप्ती उठवल्याचं कोर्टाचं पत्र हॉस्पिटलला जावं लागतं. तुमच्या अकाउंट्समध्ये पगारपत्रक कितव्या तारखेला बंद होतं ते आधी विचारून ठेवा. ती तारीख चुकली की आणखी 10 हजार गेले, आणि ते परत मिळवायला पुन्हा एक अर्ज.