वाचकांचे प्रश्न : मीटर, बिल आणि भट्टी

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे. पाइप गॅसच्या करारात दर एमएमबीटीयूला, म्हणजे उष्णतेच्या एककाला आहे, मीटर मात्र घनमीटर दाखवतो. बिल ताडून कसे पाहायचे? आणि एमजीओ काय भानगड आहे?

उत्तर : मीटरचा आकडा म्हणजे त्या दाबाला, त्या तापमानाला गेलेला गॅस. बिलासाठी तो एससीएममध्ये (स्टँडर्ड क्यूबिक मीटर, प्रमाणित घनमीटर), म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार या ठरावीक स्थितीत आणतात. हे काम मीटरवरचा करेक्टर करतो. समजा, मीटरमधून १०० घनमीटर गेले, गेजवर दाब १.५ बार (गेज फक्त हवेच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो), गॅसचे तापमान २७ अंश. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब ०.९२५ बारच्या आसपास असतो. दोन्ही मिळून एकूण दाब २.४२५ बार. तो १.०१३२५ ने भागा आणि २८८/३०० ने (१५ आणि २७ अंश केल्व्हिनमध्ये) गुणा, सुमारे २३० एससीएम येतात.

इथेच बारीक लक्ष द्या. करेक्टरचा सेन्सर गेज दाब मोजणारा असेल आणि आत हवेचा दाब समुद्रसपाटीचा भरलेला असेल, तर तेच २३८ दिसतील. साडेतीन टक्के जादा, तेही दर महिन्याला! सेन्सर ॲब्सोल्यूट, म्हणजे हवेच्या दाबासकट एकूण दाब मोजणारा असेल तर हा प्रश्न येत नाही. बसवणी होतानाच कॉन्फिगरेशनचा कागद मागून ठेवा.

पुढे उष्मांक, म्हणजे एक घनमीटर गॅस जाळल्यावर मिळणारी उष्णता. एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. त्या पंधरवड्याचा ग्रॉस उष्मांक एका एससीएममागे ९,५०० किलोकॅलरी असेल तर २३० एससीएमचे ८.६७ एमएमबीटीयू होतात. करारात ग्रॉस लिहिलेय की नेट, ते आधी वाचा. जळताना तयार होणाऱ्या वाफेतली उष्णता ग्रॉसमध्ये धरतात, नेटमध्ये नाही; म्हणून नेट उष्मांक सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. एलपीजीशी तुलना करतानाही दोन्हीकडे एकच धरा, नाहीतर हिशेब फसतो.

एमजीओ म्हणजे किमान उचल. तेवढा गॅस जाळला नाही तरी पैसे भरावे लागतात. ऑर्डर कमी-जास्त होणाऱ्या कारखान्याने करारात रोजची मागणी फुगवून लिहूच नये. ही उचल रोज मोजतात की महिन्याची सरासरी धरतात, ठरलेल्या शटडाउनचे दिवस वगळतात का, पैसे भरलेला गॅस पुढे उचलता येतो का, हे सही करण्याआधी लिहून घ्या.

प्रश्न : बेळगावातल्या शहापुरात आम्ही कुंदा (खव्याची मिठाई) करतो. पाइप गॅस आला, पण कढईखाली जाळ मंद पडतो, खवा आटायला फार वेळ लागतो.

उत्तर : बर्नरमध्ये एलपीजीचाच जेट, म्हणजे गॅस सोडणारे बारीक भोकाचे तोंड, राहिला असणार. घरगुती शेगडीत एलपीजी ३० मिलिबारला येतो, पाइप गॅस २१ ला, आणि त्याचा घनमीटरमागे उष्मांकही बराच कमी. म्हणून जेटच्या भोकाचा व्यास साधारण सव्वा ते दीडपट लागतो. जुने भोक ड्रिलने मोठे करू नका. भोक वाकडे झाले की हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी होते आणि कढईच्या बुडाला काजळी धरते. तुमची भट्टी हाय प्रेशरची असेल तर नुसता जेट बदलून भागणार नाही, कमी दाबाचा बर्नरच घ्या. अधिकृत माणसाकडून बसवून घ्या आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायला लावा. हा गॅस हवेपेक्षा हलका असतो, तेव्हा छताजवळची जाळी उघडी हवी.

प्रश्न : निपाणी आणि कागल इतके जवळ, तरी सीएनजीचा दर वेगळा का?

उत्तर : नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही. त्यावर प्रत्येक राज्याचा आपापला व्हॅट लागतो, आणि निपाणी कर्नाटकात तर कागल महाराष्ट्रात आहे. शिवाय पीएनजीआरबी (पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ) परवाने भौगोलिक क्षेत्रांनुसार देते, त्यामुळे वाहतुकीचा खर्चही क्षेत्रागणिक बदलतो.