संगणकावर बनवलेली माणसं आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यावर जास्तच खोटी वाटतात का?

चेहरा जवळून दाखवला तर हो. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे मांडलं होतं: आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडते, पण हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे अचानक नकोशी वाटू लागते. मोठ्या पडद्यावर ही 'जरा'ची उणीव लपवायला जागाच उरत नाही.

२००४ चा 'द पोलर एक्स्प्रेस' हा आगगाडीच्या प्रवासाचा, संगणकावर बनवलेला चित्रपट आठवा. अभिनेत्यांच्या हालचाली मोशन कॅप्चरने (खऱ्या हालचाली नोंदवून त्या संगणकावरच्या पात्रांना द्यायचं तंत्र) टिपल्या होत्या, तरी डोळे निर्जीव आहेत अशी टीका झालीच. (मला ती पटते.) पण आयमॅक्स थ्रीडीत तोच चित्रपट जोरात चालला! तिथे पडदा नजरेच्या कडांपर्यंत पसरतो, त्यामुळे धावती गाडी आपण नुसती बघत नाही, तिच्यात बसल्यासारखं वाटतं. चेहऱ्याकडे लक्ष कुणाचं?

त्वचेचं कोडं बरंचसं सुटलंय. प्रकाश कातडीत थोडा आत शिरून पसरतो, ते गणित जमेपर्यंत माणसं मेणाची दिसायची. डोळ्यांची बारीक हालचाल आणि ओठांचे कोपरे मात्र अजूनही दगा देतात, विशेषतः पात्र गप्प बसून विचार करत असेल तेव्हा.