किरळ लागली की आधी हिरड्यांचा रंग बघा

दादा, तुमची एक गाय ज्वारीच्या खोडव्यात, म्हणजे कापणीनंतर परत फुटलेल्या पिकात शिरून अर्ध्या तासात गेली आणि दुसरी गुळाच्या पाण्यावर वाचली, हे वाचून फार वाईट वाटलं. पण ती गुळामुळंच वाचली असं धरून चालू नका. लक्षणं दिसल्यावर दोन तास काढलेलं जनावर बहुतेक तगतंच. तिच्या पोटात किरळ, म्हणजे ज्वारीची विषारी कोवळी फूट, कमी गेली असावी.

कापणीनंतर पाऊस लागून धसकटाला फुटलेले कोंब आणि पाण्याच्या ताणानं गुडघ्याएवढी राहिलेली ज्वारी, ही सगळ्यांत घातक. त्यात धुरिन असतं. चावताना आणि कोठीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात) त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष सुटतं. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. रक्त, हिरड्या लालभडक दिसतात आणि जनावर मात्र तोंड उघडून धापा टाकतं.

हा रंग बघायचाच. कारण युरिया जास्त पडलेल्या, ताण बसलेल्या ज्वारीतून नायट्रेटची बाधाही होते. धाप, थरथर, कोसळणं सगळं तसंच, पण रक्त चॉकलेटी. तिथं औषध मिथिलीन ब्लू. किरळीच्या विषबाधेला डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. चॉकलेटी रक्ताच्या जनावराला तेच नायट्राइट गेलं तर बाधेत भरच पडते. म्हणून १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन करतानाच काय खाल्लं, कधी खाल्लं आणि हिरड्यांचा रंग कसा आहे ते सांगा, म्हणजे ते योग्य औषध घेऊन निघतील.

तोवर बाकीची जनावरं शेताबाहेर काढा. आजारी गाईला पळवू नका, पडली असेल तर छातीवर बसती ठेवा. गूळपाणी उभ्या, नीट गिळणाऱ्या जनावरालाच. धापा टाकणाऱ्याच्या घशात बाटली रिकामी केली की पाणी फुप्फुसात जातं. माझी एक कालवड अशीच गेली. विषातून उठली होती, पाचव्या दिवशी न्यूमोनियानं गेली. अजून मन खातं.

दुसऱ्या गाईला आज परत थरथर दिसली तर थांबू नका. कोठीपोटात उरलेल्या विषासाठी डॉक्टर थायोसल्फेट तोंडावाटेही देतात.

खोडवा अजून उभा असेल तर आजच काटेरी फांद्या लावून वाट बंद करा. कापून कडक वाळवला की सायनाइड बरंचसं उडून जातं, नायट्रेट मात्र वाळवूनही जात नाही. शेतात युरिया भरपूर टाकला असेल तर तो चारा तपासल्याशिवाय दावणीत टाकू नका.